बिनवायरचं चित्र

भिंतीला एकही भोक न पाडता बाहेरच्या टीव्हीचं चित्र मी आतल्या खोलीत पोचवलं. चित्र हवेतून पाठवणाऱ्या दोन डब्या आणल्या; एक सेट-टॉप बॉक्सला जोडली, दुसरी आबांच्या खोलीतल्या टीव्हीला. गुडघ्यांमुळं त्यांना बाहेर येऊन बसवत नाही.

"वायर कुठाय रं?" त्यांनी टीव्हीमागं हात फिरवून पाहिला.

"वायर लागतच नाही, आबा."

आमच्या घरात कॉलेजात शिकलेला मी पहिलाच. तेवढा तोरा मिरवतो मी.

पण तेव्हापासून मला बाहेर स्वस्थ बसवेना. आबांना अक्षरओळख नाही. बातम्यांखालची पट्टी मी शाळेत होतो तेव्हापासून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत आलोय. आता ती त्यांच्यासमोरून मुकीच सरकत असणार. दोनदा उठलो आणि दारातून परतलो. त्यांच्यापाशीच जाऊन बसायचं, तर एवढी खटपट केली कशाला? चित्र भिंतीतून पार होतं, शेजारी बसणारं माणूस जात नाही, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. शेवटी जागेवरूनच पट्टी मोठमोठ्यानं वाचायला लागलो.

आतून आबा म्हणाले, "वरडतोस कशाला? चित्र आलंय हितं. आता तूबी ये की!"