समोरचा रिकामा काठ

काही ऑफिसांत फायली साठतात, आमच्याकडे किस्से. ऑफिस नाशिकला, गंगापूर रोडवर, आणि काम समुद्राचं! कोकणातल्या खाड्यांमध्ये वर्षानुवर्षं खारफुटी लावली जातेय. वादळं वाढली, भरती वर चढायला लागली. या सगळ्यात त्या झाडांचा एकूण मिळून काय उपयोग झाला, ते आम्ही मोजतो. हे लग्नाच्या पंगतीत सांगितलं की लोक मला आग्रहाने आणखी एक जिलबी वाढतात. सहानुभूती, दुसरं काय!

*

प्रकाशभाऊ आमचे फील्डचे माणूस, सटाण्याचे. घरची कांद्याची शेती. पहिल्यांदा खाडीत आले तेव्हा डबा आणि चपला खालच्या अंगाला ठेवून वरच्या अंगाकडे नजर लावून बसले. गोदावरीचे पूर पाहिलेला माणूस. पाणी येणार ते वरूनच. भरती अर्थातच मागून आली. डबा समोरून डोंगराच्या दिशेने निघाला, तेव्हा ते आमच्या प्रमुख देशमुख मॅडमना शांतपणे म्हणाले, "मॅडम, पानी उलटं येई ऱ्हायनं."

चपला अजून सापडलेल्या नाहीत.

*

पुढच्या फेरीला त्यांना रांगेतली रोपं मोजायला बसवलं. दुपारपर्यंत प्लॉट इतका स्वच्छ झाला की मला कौतुक वाटलं. रांगांच्या मधे आपोआप उगवलेली सगळी रोपं भाऊंनी तण समजून उपटली होती! निंदणी केल्याशिवाय हात मोजायला तयार होईनात, असं त्यांचं म्हणणं. आणि आम्हाला तर खारफुटी आपली आपण पसरते का, हेच बघायचं होतं.

देशमुख मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी ती रोपं भाऊंकडून परत लावून घेतली, रांग न धरता. ते काही भाऊंना जमलं नाही. कितीही वाकडं लावलं तरी रांगच व्हायची.

*

मॅडमचं एक दुखणं होतं. त्यांनी स्वतः लावलेला पहिला प्लॉट वादळात वाहून गेला होता. दर अहवालात त्याच्यापुढे शून्य. मॅडम आता रिटायर होणार होत्या, आणि त्यांच्या या शेवटच्या अहवालातही काही दिसलं नाही, तर त्या खाडीतलं काम बंद होणार होतं. मी सुचवलं, तो प्लॉट वगळूया.

"शून्यसुद्धा आपलंच आहे. लिहा," त्या म्हणाल्या.

*

शेवटच्या फेरीला तिघंही गेलो. त्या प्लॉटच्या समोरचा काठ आम्ही तुलनेसाठी मुद्दाम रिकामा ठेवला होता. तिथे कधीच काही लावलं नव्हतं, त्यामुळे वादळानंतर तिकडे कुणी फिरकलंही नव्हतं. जाऊन बघतो तर काठ हिरवागार! मी कपाळावर हात मारला. आता तुलना कशाशी करणार?

खेकडे धरणाऱ्या पार्वतीकाकी तिथेच होत्या. ही झाडं कुणी लावली, म्हणून मॅडमनी विचारलं.

"तुमचीच की," काकी म्हणाल्या. "वादळाच्या आदी दोन वर्सं शेंगा धरल्या व्हत्या तुमच्या झाडांनी. त्या वाहून इकडं रुजल्या."

मॅडमनी पिशवीतून फॉर्म काढला.

या काठाच्या फॉर्मवर 'लागवड कोणाची' या रकान्यात आम्ही कायम 'कोणाचीच नाही' लिहायचो. भाऊंनी मॅडमच्या हातातून फॉर्म घेतला, ते खोडलं आणि मॅडमचं पूर्ण नाव लिहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ते मोजायला उतरले.