उष्टी रोटी

आखाती युद्ध पेटलं तेव्हा मी रियाधला इलेक्ट्रिशियन होतो. आमच्या कामगारांच्या कॅम्पशेजारी एक म्हातारा उझबेक भट्टीत रोट्या लावायचा. दुसऱ्या महायुद्धात तो रशियाच्या फौजेतून लढला आणि जर्मनांच्या कैदेत सापडला. कैदेतून सुटून घरी जाणाऱ्याला तिथे गद्दार ठरवत, म्हणून तो इकडे आला आणि इकडचाच झाला.

कंपनीने मला सरहद्दीजवळच्या कामावर धाडलं. निघताना म्हाताऱ्याने गरम रोटी माझ्या तोंडापुढे धरली. मी तुकडा मोडायला गेलो, तर हातावर चापट! दातांनीच तोडायची. उरलेली त्याने खिळ्याला अडकवली.

मला लाजल्यासारखं झालं. "चाचा, जूठी है."

"जूठीच चाहिए," तो आमच्याकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाला. "बाकी वापस आके खाना."

सव्वा महिन्याने धडधाकट परतलो. रोटी खिळ्यावरच होती, दगडासारखी कडक. त्याने ती चहात बुडवून शेवटच्या तुकड्यापर्यंत मला भरवली. मग हातावरचं पीठ झटकत म्हणाला, "लड़ाई में गया, तब मेरा माँ भी ऐसा रोटी टांगा था."

त्याची रोटी तशीच राहिली. माझी मात्र त्याने संपवून घेतली. माझं उष्टं इतकं कुणी जपलं नव्हतं.