गच्चीवर वाळत घातलेले सेल

आमच्या घरात सेल मरत नाहीत. रिमोट चालेनासा झाला की आई तो आधी तळहातावर आपटते, मग सेलांची अदलाबदल करते, आणि तरीही भागलं नाही तर सेल उन्हात ठेवते. दोन दिवसांनी ते परत येतात आणि निदान एक मालिका तरी निभावून नेतात.

अशा घरातल्या माणसाला कॉलनीने वापरलेले सेल गोळा करायला सांगू नये. पण मीच हात वर केला होता! शहराच्या टोकाला आमची चोवीस घरांची नवी कॉलनी. नळ अजून यायचा होता आणि दुष्काळाने बोअर आटले होते. चार दिवसांआड एक टँकर यायचा, त्यावर चोवीस घरांचा स्वयंपाक आणि अब्रू चालायची. तरी मी मीटिंगमध्ये उठून सांगितलं, की जुने सेल कचऱ्यात टाकले की त्यातलं विष जमिनीत मुरून बोअरच्या पाण्यात उतरतं. (बोअरला पाणी आहे कुठं, असं मागून कुणीतरी विचारलं. मी दुर्लक्ष केलं.) एक संस्था असे सेल नेऊन त्यातला धातू वेगळा करायला पाठवते, हेही सांगितलं. अध्यक्ष भालेराव सर इतके खूश झाले, की मला सेलप्रमुख तर केलंच, वर कॉलनीच्या टाकीच्या कुलपाची किल्लीही दिली. टाकी घरांपासून इतकी लांब, की टँकरचा हॉर्नही ऐकू येत नसे; पाणीचोरीच्या भीतीने तिला कुलूप असायचं आणि टँकर आला की ते उघडायचं काम आता माझं.

मी तेलाचा रिकामा डबा आणला. त्यात पंधरा लिटर पाणी मावलं असतं, असं माझी बायको सुनंदा रोज एकदा तरी म्हणायची. महिन्याभरात डबा गळ्यापर्यंत भरला.

त्या वर्षी पाण्याअभावी कुरडया रद्द झाल्या होत्या. उन्हाळ्यात रिकामी गच्ची आईला बघवेना. एक दिवस वर जाऊन पाहतो तर जुन्या साडीवर अख्ख्या कॉलनीचे सेल ओळीने वाळत घातलेले, चार कोपऱ्यांवर चार विटा!

"आई, हे मेलेले सेल आहेत."

"तुला काय कळतंय? दोन दिस ऊन लागू दे, उठून बसतेत."

उठून बसले, हीच तर पंचाईत झाली. बातमी पसरली आणि ज्यांनी सेल दिले होते तेच परत मागायला यायला लागले. काकू, उन्हातले दोन मिळतील का? आई मूठमूठ वाटायची. मी कुरकुर केली तर म्हणायची, चालत्या वस्तूला मेलेलं म्हणू नये. डब्याचा तळ दिसायला लागला, आणि संस्थेची माणसं शनिवारी सकाळी येणार होती. भालेराव सर फोटो काढणार होते. शुक्रवारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

पण शनिवारी डबा पाऊण भरलेला निघाला, फोटोही झाला. (कसा भरला, ते कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.)

त्याच दुपारी तीनला टँकर होता. सकाळपासून लाइट नव्हती, मोबाईलने मान टाकली होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होतो आणि खिशातली किल्ली चाचपत होतो. दोन काही वाजेनात. सुनंदा म्हणाली, अहो, सावली पायरीपर्यंत आली, टाकीपाशी जाऊन बसा ना. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. शिकलेल्या माणसाने सावलीवर विसंबायचं म्हणजे काय!

पावणेतीनला निघालो. टाकीपाशी कुणी नव्हतं, फक्त रस्त्यावर एक ओला पट्टा वाळत होता. मी ऐटीत उभा राहिलो. बऱ्याच वेळाने भालेराव सर बाहेरून परतले आणि टँकर आला का म्हणून विचारलं. अजून यायचाय, मी म्हणालो. त्यांनी मनगट माझ्या डोळ्यांसमोर धरलं. साडेचार!

मी पळत सुटलो. शेजारच्या कॉलनीत टँकरवाला सलीमभाई पाइप गुंडाळत होता.

"साब, मैं भोत हॉर्न मारा. दस मिनट ठैरा. कोई नै आया, तो इधर खाली कर दिया."

तिथल्या लोकांनी उद्या दुपारी, त्यांचं भरून झाल्यावर, आमच्या घरटी दोन हंडे द्यायचं मोठ्या मनाने कबूल केलं. मी भालेराव सरांना घेऊन तणतणत घरी आलो. घड्याळात उन्हातला सेल घातला कुणी?

"म्या घातला," आई शांतपणे म्हणाली. "काल घड्याळ बंद दिसलं. उघडून बघितलं, तर आत सेलच नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मला सांगावंच लागलं, की डबा भरलेला दिसावा म्हणून शुक्रवारी मी डब्याच्या तळाशी रद्दी कोंबली होती आणि वर घरातल्या घड्याळाचा, टॉर्चचा, रिमोटचा असे सगळे धडधाकट सेल काढून टाकले होते. शनिवारी घड्याळ चालू दिसलं, तेव्हा सुनंदाने नवा सेल घातला असेल असं समजलो. भालेराव सरांनी हात पुढे केला. मी किल्ली त्यावर ठेवली. चोवीस घरांना माझ्यामुळे हंड्यावर दिवस काढावे लागणार होते, आणि मला खरंच कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना.

पण दाखवावं लागलं. दुसऱ्या दिवशी भर बाराला मी चोवीस घरांचे अठ्ठेचाळीस हंडे मांडून शेजारच्या कॉलनीत रांगेत उभा राहिलो. सुनंदाला दया आली, ती छत्री घेऊन निघाली होती. आईने तिला दारातच अडवलं.

"राहू दे गं. दोन दिस ऊन लागलं की चालायला लागंल."

रिमोटसाठी आईने उन्हात ठेवलेले सेल खरोखरच दोन दिवसांत चालायला लागले. माझ्याबद्दल घरात अजून एकमत नाही.