नरसीचा खरा पाला आणि पाकिटातली पूड

१८ जानेवारी २००९, रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. नरसी नामदेवला रस्त्याकडेच्या एका जडीबुटीच्या दुकानाच्या ओट्यावर मी माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, बोट टोचलं आणि माझ्या साखर मोजायच्या मीटरने आकडाच दिला नाही. साखर मापाच्याही वर.

निघाले होते मी सहलीला. शनिवारी नांदेडहून एसटीने हिंगोली, तीन तास. कळमनुरीला चहा घ्या, भजी घेऊ नका. रात्री सुमनने भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बासुंदी वाढली. बासुंदीची दुसरी वाटी तिने स्वतःच घेतली, पाण्याचा तांब्या तीनदा भरला.

"तुला साखर आहे ना गं?"

"आता चालतं मला, अक्का. उद्या दाखवते तुला."

रविवारी जीपने नरसी, दहा रुपये. दुकानाच्या कुंपणावर गुडमारचा, म्हणजे मधुमेहावर देतात त्या पाल्याचा, वेल. दुकानदाराने दोन पानं तोडून माझ्या हातावर ठेवली. "चावा ताई. काहून घाबरून राहिल्या? आता ही साखर खा."

साखर तोंडात वाळूसारखी करकरली. गोडी नावालाही नाही! साठी उलटलेली बाई मी, थक्क झाले.

"पाहिलं? जिभेवर मरते ती रगतात बी मरते. गोळ्या कशाला खायच्या?"

"म्हणूनच मी तीन आठवड्यांपासून बंद केल्या," सुमन अभिमानाने म्हणाली.

पर्समधून मीटर काढलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

ती रोज घेत होती त्या पाल्याच्या पुडीचं पाकीट मागवलं. मागे छापलंय: प्रथिने, तंतू, लोह, कॅल्शियम, सगळं दशांशापर्यंत. शेजारच्या शेवग्याच्या पाकिटावरही हेच आकडे, त्याच दशांशांसकट. कॉन्व्हेंटात आम्हीही कॉपी करायचो, पण एखादा आकडा तरी बदलायचो.

माझी जीभ बधिर होती, म्हणून सुमनला म्हटलं, "ही पूड चघळ. आता साखर खा."

तिने खाल्ली. पुन्हा एक चिमूट घेतली.

"गोड लागतीय, अक्का."

"दळल्यावर चव जाते, ताई," दुकानदार म्हणाला.

"चव जाते आणि दशांश तेवढे उरतात?"

"तुमी उगा तकलीफ करून घेऊन राहिल्या."

त्याच जीपने हिंगोलीला परत, थेट दवाखान्यात. सुमन तीन दिवस सलाइनवर होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, बाई." आता ती घरी आहे, गोळ्या सुरू आहेत. बासुंदीचा विषय ती काढत नाही, मीही नाही.

वेलाची फांदी मी नांदेडला आणली, कुंडीत जगलीय. पाल्यावर माझा राग नाही. नरसीला जरूर जा, देवदर्शन घ्या, पान चावून बघा, नवल आहे. पण जीभ म्हणजे रक्त नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका.

आणि दुकानदार महाशय, हाच मजकूर तुम्हाला टपालाने पाठवलाय. पाकिटात नेमकं काय आहे, तो तक्ता कुठून उचलला आणि गोळ्या सोडायला आणखी किती जणांना सांगितलंत, याचं उत्तर शनिवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत मला लेखी हवं. पाकीट आणि मीटर दोन्ही जपून ठेवलीत. त्यानंतर ती घेऊन मी अन्न-औषध खात्याच्या दारात उभी असेन.