बस चुकली तर

पद्माबाईने आयुष्यात किती बसगाड्या चुकवल्या, ते तिलाही सांगता येणार नाही. आज जवळा बाजार, उद्या औंढा, भाजीच्या टोपल्या घेऊन आठवडी बाजार फिरणारी बाई ती. शेवटचं गिऱ्हाईक घासाघीस करत बसलं की बस निघून जायची. मग कुणाच्या टेम्पोत, कुणाच्या ट्रॅक्टरवर बसून ती गाव गाठायची आणि आल्या आल्या चूल पेटवायची. त्यात बाऊ करण्यासारखं काही आहे, असं तिला कधी वाटलंच नाही.

तिची लेक राणी मात्र जूनपासून बसचा हॉर्न ऐकला की पोट धरून बसत होती.

सातवीपर्यंत राणी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. घरातून हाक मारली तर वर्गात ऐकू जायची. तिथं परिपाठ तीच घ्यायची, घंटाही तीच वाजवायची आणि धाकट्यांना दटावायचीही तीच. आठवीला जवळा बाजारच्या मोठ्या शाळेत गेली आणि पोरीचं बोलणंच आटलं. सकाळी भाकरी खाल्ली की उलटी. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, गोळ्या दिल्या. पोट काही ऐकेना.

तिचा बाप रामजी वाईट माणूस नव्हे. लेक वाळत चाललेली त्याला बघवेना, एवढंच.

"या बाजारापर्यंत बघतो," तो म्हणाला, "न्हाई तर शाळेतून नाव काढून आणतो. आधी लेकरू जगलं पायजे."

"आन् घरी बसवून काय करता तिचं?" पद्माबाईने विचारलं.

रामजी चपला घालून बाहेर पडला. बाईने विचारलं म्हणून पुरुषाने ठरवलेलं कुठं बदलतं!

जवळा बाजारचा बाजारदिवस उजाडला तशी पद्माबाई धास्तावली. दुपारी शेजारच्या बाईला भाजीवर लक्ष ठेवायला सांगून ती शाळेत गेली. वर्गशिक्षिका साधना मॅडम व्हरांड्यातच भेटल्या.

"सकाळी वर्गात चांगली असते हो," मॅडम म्हणाल्या. "दुपारच्या सुट्टीनंतर मात्र दप्तर भरून बसते. मी फळ्यावर लिहिते, ही खिडकीतून रस्त्याकडे बघते. मी विचारलं, पण बोलत नाही. तुम्ही विचारून बघा. फक्त रागावू नका."

पद्माबाई लवकर बाजारातलं कापडी पाल आवरून स्टँडवर येऊन थांबली. शाळा सुटली आणि राणी धापा टाकत आली. आईला बघून चेहरा उजळला, पण नजर रस्त्यावरच.

"काहून पळून राहिली एवढी? बसला येळ हाय."

"चुकली तर?"

"चुकली तर काय?"

राणीने आईकडे नवलाने पाहिलं. "तूच म्हणलीस ना माय, पहिल्या दिशी. ही शेवटची बस हाय, चुकली तर तुजं काही खरं न्हाई."

पद्माबाई म्हणाली होती खरी. वेणी घालता घालता, पोर बाजारात रेंगाळू नये म्हणून. दटावलं आणि विसरूनही गेली. राणीने मात्र ते शब्द तेव्हापासून पोटात वागवले होते. पद्माबाईला स्वतःचा असा राग आला की तिथंच टोपली आपटावी.

तेवढ्यात बस आली. राणी पुढं झेपावली. पद्माबाईने तिचं मनगट धरलं.

"आज जाऊ दे तिला."

"माय, सोड! माय, जाईल ती!"

राणी हिसके देत होती, रडत होती. चढणारी माणसं या वेड्या बाईकडे वळून बघत होती. पद्माबाईलाही सोडावंसं वाटलं. लेकीचं असं रडणं कुणाला बघवतं? पण तिने हात सोडला तो बस वळणाआड गेल्यावरच.

"झालं. चुकली," ती म्हणाली. "आता मी हितं न्हाईच असं समज. काय करशील?"

आणि ती रस्ता ओलांडून लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

स्टँड रिकामं झालं. राणी एकटीच, दप्तर छातीशी धरून. ऊन कलत चाललं. धावत जाऊन पोरीला जवळ घ्यावं, की दम धरावा? एक मोटारसायकलवाला राणीपाशी थांबला.

"कुठं जायचं? चल, सोडतो."

पद्माबाईने टोपलीतला विळा हातात घेतला. एक पाऊल पुढं टाकलंही. राणीने त्या माणसाकडे पाहिलं, मान हलवली आणि तडक चालू लागली ती स्टँडसमोरच्या मंजुळाबाईच्या बांगड्यांच्या दुकानात. तिथूनच आईलेकी दर सणाला बांगड्या भरत. मोटारसायकल निघून गेली. पद्माबाईला हातातला विळा टोपलीत ठेवायचंही भान नव्हतं.

दुकानातून राणीचा आवाज आला. कापरा, पण स्वच्छ. "मावशी, माझी बस चुकली. पप्पाला फोन लावता का? नंबर सांगते."

रामजी मोटारसायकल घेऊन आला तो तणतणतच. "बस कशी काय चुकली?"

"माय सोडंना," राणी म्हणाली. "मंग मी मावशीकडं गेले आन् तुमाला फोन लावला. तुमी उचलला नसता, तर मॅडमचं घर माहीत हाय मला."

रामजीने गाडी बंद केली. लेक जूनपासून एका दमात एवढं बोलली नव्हती. नाव काढण्याचा विषय त्याने काढला नाही, आणि पद्माबाईने काढू दिला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर हॉर्न वाजला, तेव्हा राणी भाकरी खात होती. पद्माबाई धावतच आत आली.

"अगं ऊठ, बस चुकंल ना!"

"चुकली तर चुकली," राणी म्हणाली आणि तिने आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.