गिधाडाचा डोळा

काळ्या रंगाच्या एका ठिपक्याच्या जोरावर सबंध तालुक्याला धाकात ठेवणारी बाई जगात एकच असेल, आणि ती माझ्या धाकट्या बहिणीची सासू आहे. मी त्यांना मावशी म्हणतो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीत घालवली. मूर्ती कोणीही रंगवावी, डोळे मात्र मावशींनी भरायचे. तोवर तिला कोणी देव म्हणत नसे. पुढे गुडघ्यांनी कारखाना सोडवला, पण हात स्वस्थ बसेना. मग त्यांनी कर्जतपासून खोपोलीपर्यंतच्या भिंती, दारं आणि टेंपो धरले आणि त्यांवर आपल्या डोंगरातून नाहीसे होत चाललेले जीव काढायला घेतले. शेकरू, धनेश, खवल्या मांजर, गिधाड. मोराला आणि वाघाला त्यांच्याकडे मज्जाव आहे. "त्येंचं कौतुक करायला बक्कळ लोक हायत," असं त्या म्हणतात.

मजुरी म्हणून त्या पैसे घेत नाहीत, शब्द घेतात. फासकी लावणार नाही, बेचकी धरणार नाही, असा काहीतरी. तो दिला की चित्र मिळतं, पण आंधळं. त्या चित्रासाठी तो जीव नव्याने, स्वतः पाहिल्याशिवाय मावशी डोळा भरत नाहीत. मागे पाहिलेलं मागच्या चित्रात खर्ची पडलं, असा त्यांचा हिशेब. शिळफाट्यावरच्या एका टेंपोवाल्याने "गाडीतून कधी रानातलं जनावर नेणार नाय" असा शब्द देऊन मागच्या फळीवर खवल्या मांजर काढून घेतलं होतं. बिचारा कित्येक महिने ते आंधळं जनावर मिरवत हिंडला. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवायचं सोडून त्याला डोळ्याचं विचारायचे. शेवटी डोंगरावरच्या एका वाडीतून निरोप आला, मावशी गुडघे धरत वर गेल्या आणि उजाडताना बिळात शिरणारं खवल्या मांजर पाहून आल्या. पाहिलेलं शिळं व्हायच्या आत डोळा भरायला हवा, म्हणून तशाच शिळफाट्याला जाऊन चहाच्या टपरीवर बसल्या. टेंपो दिसताच त्याला आडव्या गेल्या आणि भर गर्दीत त्यांनी डोळा भरला. वाहतूक पोलीस ओरडत आला आणि चित्राकडे बघत तिथेच उभा राहिला.

डोळ्याचा कुंचला त्या घरच्या बोकडाच्या केसांचा करतात. त्यामुळे मावशींच्या हातात कात्री दिसली की बोकड परसात पळतो. पण माझ्या बहिणीची खरी परीक्षा घेतली ती अंगणातल्या भिंतीवरच्या गिधाडाने. एक पंख गोठ्याकडे, दुसरा स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत, आणि डोळ्याच्या जागी कोरी भिंत. नवी नवरी असताना ती त्याच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापायची. मावशींच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळ गिधाडांनी भरायचं. ती एकाएकी दिसेनाशी झाली. म्हसळ्याकडे अजून आहेत असं ऐकून माझे मेहुणे त्यांना गाडीने न्यायला निघाले, तर म्हणाल्या, "ती तिकडची. माझ्या भितीवरचं हितलं हाय."

हा हट्ट नुसता विक्षिप्तपणा आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर एका ओळखीच्याने पर्यटकांसाठी घर बांधलं आणि पाखरांना हात न लावण्याचा शब्द देऊन भिंतीवर धनेशाची जोडी काढून घेतली. नराचा डोळा भरला, मादीचा राहिला. तेवढ्यात त्याने पुढच्या खोल्यांसाठी आवारातला बेहडा पाडायचं ठरवलं. झाड म्हणजे काही पाखरू नव्हे, असं त्याला वाटलं. मावशी मला बरोबर घेऊनच तिथे गेल्या.

"तुजी मादी त्या ढोलीत हाय रं," त्या म्हणाल्या. "आतून दार लिंपून अंड्यांवर बसलेय. नर फटीतून भरवतो तिला. झाड पाड, ती बी पडंल. मंग ह्या भितीवरची आंधळीच ऱ्हाईल."

"काकी, मी दुसरा पेंटर आणीन."

"आन की."

त्याची आई ओट्यावर बसून ऐकत होती. डोळे न भरलेल्या चित्रासमोर मी चूल पेटवायची नाय, असं तिने सांगून टाकलं, आणि झाड तात्पुरतं वाचलं. मग तोच गडी रोज खाली उभा राहून फळं आणणारा नर पाहू लागला. मादी बाहेर यायला लागल्याचा फोन त्यानेच आम्हाला केला. आम्ही पोचलो तेव्हा ती चोचीने लिंपण फोडत होती. बाहेर येऊन ती फांदीवर बसली, पिसं विस्कटलेली, उजेडाला बिचकलेली. मावशींनी तिला डोळे भरून पाहिलं, भिंतीपाशी आल्या आणि श्वास रोखून कुंचला टेकवला. आजवर मी मोठमोठी देवळं पाहिली, पण हात आपोआप जोडले गेले ते त्या भिंतीसमोर. खोल्या आता झाडाला वळसा घालून बांधल्या आहेत.

गेल्या वर्षी मावशींना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपा, असं डॉक्टर म्हणाले. आता त्यांना माणसं आवाजावरून कळतात. मेहुण्यांनी एकदा हळूच सुचवलं, "आई, आता भरून टाक त्या गिधाडाचा डोळा. कोन विचारतंय?" मावशी दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

परवा गेलो तर अंगणात बसल्या होत्या, तोंड आभाळाकडे. माझी चाहूल लागताच त्यांनी पदराखालून बोकडाच्या केसांचा कुंचला काढून माझ्या हातात दिला.

"पावणं, आता तुमी बघा. दिसलं की भरा."

"मावशी, मला सरळ रेघ येत नाही हो."

"वाकडी येऊ द्या. पन बघितल्याबिगर भरू नका."

मला रडू आलं. त्यांना ते दिसलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. मी शेजारी बसलो आणि वर बघू लागलो. घारी होत्या, एक विमान गेलं.

"काय हाय का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं.