सातवा हात

न्हाव्याच्या दुकानात गावभरच्या बातम्या कळतात म्हणतात, पण या गावाचा न्हावी स्वतः तोंड उघडत नसे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो मानेभोवती पांढरं कापड बांधायचा, फवाऱ्याने केस ओले करायचा, "बारीक की मध्यम?" एवढं विचारायचा आणि कात्री चालवायला लागायचा. मग गिऱ्हाईकच बोलायचं. कुणाचं सुनेशी पटत नव्हतं, कुणाला जमीन विकायची होती पण भावाला सांगायचं धाडस होत नव्हतं, कुणाच्या पोटात दुखत होतं आणि डॉक्टरची भीती वाटत होती. न्हावी सगळ्यांना "हं" म्हणायचा. त्या हुंकाराचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावावा. गाव त्याला मौनी म्हणायचं, अगदी तोंडावर, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

त्याची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेली. मूलबाळ झालं नव्हतं. दुकानामागच्या खोलीत एक पलंग, एक शेगडी आणि खिडकीत वाळत घातलेले दुकानाचे टॉवेल, असा त्याचा संसार. जिवाभावाचं माणूस एकच उरलं होतं, थोरली बहीण. मुलगी लग्न होऊन शहरात गेल्यापासून ती आणि भावोजी दोघंच गावाबाहेर पठाराच्या पायथ्याशी राहायचे, मेंढ्या पाळायचे. दर रविवारी दुकान बंद करून मौनी त्यांच्याकडे जेवायला जायचा. ताई दोघांच्या वाटणीचं बोलायची. हा जेवायचा, ताट धुवायचा, भावोजींची दाढी करून द्यायचा आणि दिवस मावळायच्या आत परतायचा.

गावाच्या समितीत सातवी जागा रिकामी झाली तेव्हा लोकांनी त्याला बिनविरोध निवडून दिलं. प्रत्येकाला वाटत होतं, मौनी आपलाच माणूस आहे.

पठारावर वारा मोजायचा उंच खांब उभा राहिला त्याच वर्षी. मागोमाग पवनचक्क्यांच्या कंपनीची माणसं आली, नकाशे आले, शाळेच्या सभागृहात चित्रं दाखवून झाली. सरकारी मंजुरीच्या वाटेवर पहिली पायरी गावाची होती. समितीने संमती दिली तरच प्रकरण राजधानीत जाणार, नाहीतर जागच्या जागी संपणार. बघता बघता गावाचे दोन तुकडे पडले. रस्ता होईल, पोरांना काम मिळेल, असं अर्धे म्हणत. बाकीचे म्हणत, रात्रंदिवस घरघर ऐकावी लागेल, मेंढ्या बिथरतील, एकदा पठार गेलं की गेलं. समितीतही तिघं इकडे आणि तिघं तिकडे. त्यामुळे खुर्चीत बसणारा प्रत्येकजण आता आरशातून मौनीच्या चेहऱ्याकडे बघत बोलायला लागला.

एके दिवशी आमदारसाहेब स्वतः दाढी करून घ्यायला आले. शहरात त्यांची दाढी करायला माणूस घरी यायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. साबण लावून झाला तसे ते डोळे मिटून म्हणाले, मंत्रिसाहेब रोज विचारतात, वर सगळं तयार आहे, अडलंय ते फक्त इथे. गळ्यावर वस्तरा असतानाही त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. जाताना त्यांनी मौनीच्या खांद्यावर हात ठेवला.

"गावासाठी करा. मी तुमच्या पाठीशी आहे."

मौनीने हुंकार भरला. पण त्याने मन ठरवलं ते आमदारांमुळे नव्हे. रोज दुकान बंद करताना तो जमिनीवरचे केस झाडून गोळा करायचा. पूर्वी त्या ढिगात काळे केस जास्त असायचे. आता ढीग लहान झाला होता आणि जवळजवळ सगळा पांढरा. पोरं शहरात जात होती आणि तिकडेच केस कापून घेत होती. काहीतरी आलं तर त्यातली चार माघारी येतील, एवढाच साधा विचार त्याच्या डोक्यात होता. तो त्याने कुणालाही बोलून दाखवला नाही.

मतदानाच्या आधीच्या रविवारी ताईने त्याला दारात उभं करून समोरचं पठार दाखवलं. ही धुडं बरोबर आपल्या दारासमोर येणार, सकाळचं ऊन अडणार, म्हातारपणी हे बघायचं का, असं ती म्हणत राहिली. मग जेवायला वाढताना तिचा आवाज निवळला.

"तू आहेस ना समितीत, मग मला घोर नाही."

मौनीच्या तोंडात घास होता. त्याने तो गिळला. बोलायला एवढी मोठी दुपार होती, पण तो भावोजींच्या दाढीचा साबण फेसत बसला.

सभागृह खच्चून भरलं होतं. सरकारी अधिकाऱ्याने ठराव वाचला आणि संमती असणाऱ्यांनी हात वर करा म्हटलं. तीन हात लगेच वर गेले. सगळ्या माना मौनीकडे वळल्या. त्याने हात वर केला. तो हात त्याला स्वतःलाच परका वाटला. लोकांमध्ये कल्ला उठला. त्याने तिसऱ्या रांगेत पाहिलं. ताईने मांडीवरची पिशवी उचलली, भावोजींच्या दंडाला धरलं आणि ती वळूनही न बघता बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुणी दवंडी पिटली नव्हती की बैठक घेतली नव्हती, पण लोक दाढी-कटिंगला शेजारच्या गावी जायला लागले. एक जुनं गिऱ्हाईक, ज्याच्या तिन्ही मुलांचे पहिले केस मौनीने कापले होते, ते दुकानाच्या पायरीशी थांबलं. आत आलं नाही.

"कात्री तुझ्या हातात देऊन डोळे मिटून बसायचो रे," ते म्हणालं. "तू तर केसाने गळा कापलास."

संमतीच्या बाजूचे लोकही फिरकले नाहीत. त्यांना मनातून तो हवा होता, पण चारचौघांत त्याच्या खुर्चीत बसून कोण शेजाऱ्यांशी वाकडं घेणार? समोरचा औषधवाला त्याचा मित्र. दुपारी दुकानं थंड असली की दोघं बुद्धिबळ खेळत. तो एकदा पट परत द्यायला आला आणि खाली बघत म्हणाला, माझा राग नाही तुझ्यावर, पण माझं दुकान याच लोकांवर चालतं. मौनीने पट घेतला आणि आरशाखालच्या खणात ठेवला.

तो रोज दुकान उघडायचा. वस्तरे पुसायचा, तुरटीचा खडा धुऊन ठेवायचा, कोरडे टॉवेल पुन्हा घडी करायचा. खुर्च्या दोन होत्या. कधी कधी तो दुसऱ्या खुर्चीत बसून आरशातून रस्ता बघायचा. पोट भरायला आठवड्यातून दोनदा तो बसने तालुक्याच्या इस्पितळात जाऊन रुग्णांच्या दाढ्या करू लागला. ती माणसं अनोळखी होती आणि बहुतेक झोपेत असायची.

पहिल्या रविवारी तो नेहमीसारखा ताईकडे निघाला. दार बंद होतं, चुलीचा धूर मात्र दिसत होता. त्याने कडी वाजवली नाही. पुढे काही रविवार तो निम्म्या वाटेपर्यंत जाऊन परत फिरला. मग तेही थांबलं.

इकडे निवडणूक जवळ आली. वारा कुठे वाहतोय हे आमदारसाहेबांना त्या मोजायच्या खांबाआधी कळायचं. त्यांनी पक्ष बदलला आणि बाजारात सभा घेतली. तुमचं पठार तुमच्यापैकीच एकाने हात वर करून विकलं, मी समितीत असतो तर होऊ दिलं नसतं, असं ते म्हणाले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मौनी औषधाच्या दुकानाच्या भिंतीला टेकून उभा होता. आमदारांची नजर त्याच्यावरून गेली, पण थांबली नाही. ते निवडून आले, त्यांचं सरकार आलं आणि पहिल्याच महिन्यात पठारांवरच्या सगळ्या प्रकल्पांना स्थगिती मिळाली. गावाने पेढे वाटावेत तशा गप्पा वाटल्या. पवनचक्क्या गेल्या, पण मौनीवरचा राग तेवढा गावातच राहिला.

अशी काही वर्षं गेली. मग एका सकाळी औषधवाला रस्ता ओलांडून आला. भावोजींना अर्धांगवायूचा झटका आला होता. ताईने निरोप दिला होता, दाढी वाढलीय, त्यांना टोचते.

मौनीने पेटी उचलली आणि तो तसाच निघाला. दार उघडं होतं. ताई आणखी बारीक झाली होती, केस पुरते पांढरे. "पाणी गरम आहे," एवढंच ती म्हणाली. त्याने भावोजींच्या मानेखाली उशी घातली, गालाला साबण लावला, वाकडं झालेलं तोंड हलक्या हाताने सरळ धरून वस्तरा फिरवला. भावोजींनी चांगला हात हलवून त्याचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मौनी पेटी आवरत होता तेव्हा ताई बोलली. आवाज चढवला नाही तिने.

"तू हात वर केलास त्याचं मला काही नाही. प्रत्येकाला आपलं डोकं असतं. पण त्या दिवशी माझ्या ताटात जेवलास आणि बोलला नाहीस. सांगितलं असतंस तर मी तुला फाडून खाल्लं असतं. भांडलो असतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जेवलो असतो."

"चुकलं माझं," मौनी म्हणाला.

"सगळं जग तुझ्याशी बोलत होतं. तू कुणाशी बोललास?"

त्याने वस्तरा पुसून पेटीत ठेवला. तो दर दोन दिवसांनी येत राहिला. भावोजी गेले तेव्हा शेवटची दाढीही त्यानेच केली.

त्यानंतरच्या वर्षी राजधानीत नवा नियम झाला. विजेचा तुटवडा होता. मोठ्या प्रकल्पांना आता सरकार थेट मंजुरी देणार, गावाच्या संमतीची गरज उरली नाही. स्थगिती उठली, तीही ज्यांनी लावली त्यांनीच उठवली. समितीला फक्त कळवण्यात आलं. मौनी आता समितीत नव्हता, त्याला ते औषधवाल्याकडून कळलं. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. ज्या हातासाठी त्याने सगळं गाव गमावलं, त्या हाताची कुणाला गरजच पडली नव्हती.

मग लांबलचक ट्रक आले, पठारावर रस्ता झाला. आमदारसाहेब आता मंत्री होते. त्यांनी कामाच्या शुभारंभाची फीत कापली. विरोधात ओरडणाऱ्यांची पोरं पहारेकरी आणि चालक म्हणून लागली. एकेक गिऱ्हाईक काही घडलंच नसल्यासारखं परतलं. पायरीवरून बोलून गेलेलं ते जुनं गिऱ्हाईकही येऊन बसलं आणि "मध्यम" म्हणालं. मौनीने कापड बांधलं. राग त्याच्या मनात नव्हता. फक्त पूर्वी ऐकायचा तसं त्याला आता ऐकू येईना. माणसं बोलत असायची आणि तो कात्रीचा आवाज ऐकत असायचा.

ताईने घर कंपनीला भाड्याने दिलं आणि शहरात मुलीकडे जायचं ठरवलं. सामान बांधायला मौनी गेला होता. दारातून पठारावरच्या पहिल्या पवनचक्कीचा खांब दिसत होता, पाती अजून बसायची होती. दोरीची गाठ मारता मारता तो म्हणाला, "जाऊ नकोस. माझ्याकडे राहा. मी मागची खोली तुला देतो, मी दुकानात झोपेन."

आयुष्यात त्याने तिच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असावी. ताई जवळ येऊन त्याच्या शेजारी बसली.

"आधी म्हणाला असतास तर राहिले असते," ती म्हणाली. "आता नातवंडांना शब्द दिलाय."

ती गेली. रविवारी तो तिला फोन करतो. आठवडाभर काय काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवतो, कोण आलं होतं, औषधवाला बुद्धिबळात कसा हरला, वर किती पाती फिरायला लागली. सुरुवातीला दोन वाक्यांत संपायचं. आता थोडं लांबतं. कधी तिकडे मुलं गोंधळ घालत असतात आणि ताई "नंतर करते" म्हणून ठेवते. ते नंतर बहुतेक वेळा येत नाही. मौनी थोडा वेळ फोन हातात धरून बसतो, मग तो आरशाखाली ठेवून सोमवारचे टॉवेल भिजत घालायला आत जातो.